वरच्या मजल्यावरून पाणी आलं, सर्व्हेअर उद्या येतोय: दावा कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा: चेंबूरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरचे गावी गेले असताना वरच्या फ्लॅटमधल्या गीझरचा कनेक्शन पाइप फुटला. बेडरूमचं पीओपी सीलिंग खाली आलं, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत ओल आली, वॉर्डरोबचा प्लाय फुगला, लॅमिनेटचं फ्लोअरिंग उचललं गेलं आणि टीव्ही बंद पडला. गृहविमा आहे, म्हणून कंपनीने सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून रक्कम ठरवणारा माणूस, नेमला आहे. कॉन्ट्रॅक्टरने लेटरहेडवर ‘बेडरूम दुरुस्ती, साडेतीन लाख’ एवढंच लिहून दिलं आहे. सर्व्हेअर उद्या येणार. त्यांच्याशी कसं बोलायचं, आणि त्यांनी रक्कम कापली तर काय करायचं?

सगळ्यात आधी, तो साडेतीन लाखांचा कागद सर्व्हेअरच्या हातात देऊ नका. त्याला दुरुस्तीचा आकडा नको असतो. त्याला अहवाल लिहायचा असतो, आणि त्यात तीन प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने लागतात: नुकसान कशामुळे झालं, किती झालं, आणि ते पूर्ववत करायला काय दर लागेल. कारण पटलं नाही तर पुढची दोन पानं त्याच्या उपयोगाची नाहीत. मुंबईत घरांचे बहुतेक दावे रकमेवरून अडकत नाहीत, ते ‘सीपेज’ (हळूहळू मुरणारी ओल) या एका शब्दावर अडकतात. म्हणून उद्याच्या तयारीचा अर्धा वेळ कारणावर घालवा.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तुमची पॉलिसी हीच आहे का ते शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, बघा. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं हा धोका स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. हळूहळू मुरणारी ओल, जुनेपणाची झीज आणि बांधकामातला दोष मात्र वगळलेला असतो. पाइप फुटला तर पैसे आहेत, गळत होता तर नाहीत. छताखाली उभं राहून वर बघणाऱ्याला दोन्ही डाग सारखेच दिसतात.

फरक सिद्ध करणाऱ्या वस्तू वरच्या फ्लॅटमध्ये आहेत, तुमच्या घरात नाहीत. फुटलेला कनेक्शन पाइप प्लंबरने कचऱ्यात टाकण्याआधी ताब्यात घ्या, तारीख लिहून पिशवीत ठेवा. नवीन पाइपचं आणि प्लंबरच्या मजुरीचं बिल वरच्या शेजाऱ्यांकडून घ्या. प्लंबरला एका कागदावर चार ओळी लिहायला सांगा: कोणत्या तारखेला बोलावलं, काय फुटलेलं दिसलं, कोणता कॉक बंद केला, काय बदललं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून घटनेचं पत्र घ्या आणि त्यात पाणी पहिल्यांदा कोणी, कधी पाहिलं ते येऊ द्या. वॉचमनच्या वहीत नोंद असेल तर तिचा फोटो काढा. पाइप जुना होता म्हणून तो बदलण्याचा खर्च झीज म्हणून नाकारला जाईल, आणि तो तसाही तुमचा नाही. पण पाइप फुटून आलेल्या पाण्याने झालेलं नुकसान ही वेगळी गोष्ट आहे. सर्व्हेअरशी बोलताना या दोन गोष्टी एकत्र होऊ देऊ नका.

इथे मुंबईच्या बांधकामातली एक गोम फार लोकांना नडते. जुन्या पद्धतीच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पाइप फुटला की हा कोबा पाणी धरून ठेवतो. पाइप बदलल्यावरही तुमच्या छतातून आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त थेंब पडत राहतात. नेमका तेव्हा सर्व्हेअर येतो, थेंब बघतो आणि लिहितो, ‘गळती चालू आहे, वॉटरप्रूफिंगचा दोष’. यावर उपाय सोपा आहे. थेंबाखाली बादली ठेवा आणि रोज एकाच वेळी जमलेलं पाणी मापाने मोजून तारखेसह लिहून ठेवा, शेजारी फोटो. शक्य असेल तर वरच्यांना ते बाथरूम तेवढे दिवस बंद ठेवायला सांगा. पाणी रोज कमी होत शून्यावर आलं तर ते कोब्यात साठलेलं होतं. कमीच होत नसेल तर वर खरोखर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. तो भाग दाव्यात घालू नका, त्याचा हिशोब वरच्या सभासदाशी आणि सोसायटीशी वेगळा करा. आदर्श उपविधींनुसार टॉयलेट-बाथरूममधल्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाचा आणि बाहेरच्या सामाईक पाइपांचा, गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो.

भिंतीवर आधीपासून ओलीचा एखादा जुना डाग असेल तर तो लपवू नका. खडूने त्याची हद्द आखा आणि स्वतःहून सांगा की हा जुना आहे, त्याचे पैसे मागत नाही. सर्व्हेअरने तो स्वतः शोधून काढला तर बाकीच्या प्रत्येक आकड्याकडे तो त्याच नजरेने बघतो. शिवाय खोटा किंवा फुगवलेला दावा सिद्ध झाला तर पॉलिसीच्या अटींनुसार सगळाच दावा जातो. मोबाइलमध्ये जुने फोटो शोधा. वाढदिवसाच्या, गणपतीच्या फोटोंत मागे तेच सीलिंग, तोच वॉर्डरोब कोरडा दिसतो. घटनेच्या आधीची स्थिती दाखवणारा याहून चांगला पुरावा सहसा नसतो.

आता सर्व्हेअर येईपर्यंत काय हलवायचं. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारी आहे, त्यामुळे ‘सर्व्हेअर बघेपर्यंत हात लावला नाही’ हे समर्थन चालत नाही. त्या खोलीचा एमसीबी खाली करा, साचलेलं पाणी काढा, गादी आणि कपडे बाहेर काढा. अर्धवट लोंबणारं सीलिंग धोकादायक असेल तर उतरवा, पण आधी कंपनीला ईमेल करा: अमुक भाग सुरक्षेसाठी आज काढत आहोत, फोटो सोबत जोडले आहेत, नमुना जपून ठेवला आहे. सीलिंगचा, फ्लोअरिंगच्या पट्टीचा आणि फुगलेल्या प्लायचा साधारण फूटभर तुकडा बाजूला ठेवा. व्हिडिओ एकाच टेकमध्ये काढा: दारावरच्या पाटीपासून सुरुवात, मग खोली, मग प्रत्येक नुकसान, आणि फ्रेममध्ये मोजपट्टी. सुटे पन्नास फोटो पाठवले की कोणता कोणत्या भिंतीचा ते सर्व्हेअरला ऑफिसात बसून कळत नाही.

सुकवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथेच सर्वात जास्त हातचे जातात. सर्व्हेअर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. त्या दिवशी दिसतं ते नुकसान अर्धंच असतं. सिमेंट प्लास्टरमधले क्षार भिंत सुकताना पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पोपडे काही आठवड्यांनी पडतात. नव्या इमारतींतलं जिप्सम प्लास्टर भिजून नरम होतं आणि पोकळ वाजायला लागतं. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या खाली फोमचा थर असतो, तो पाणी अडवून धरतो. वरून पट्ट्या कोरड्या दिसतात आणि पंधरवड्याने सांध्यांवर उंचवटे येतात. त्यांचा लाकडी भुशाचा गाभा एकदा फुगला की सुकल्यावर पूर्वीच्या मापाला येत नाही, म्हणून ‘सुकवून वापरा’ हा सल्ला तिथे लागू पडत नाही. प्लाय चांगल्या प्रतीचा असेल तर टिकतो, पण कडांचे थर सुटले आहेत का ते पातळ पट्टी घालून बघा. पार्टिकल बोर्डाचा खण असेल तर त्याला स्क्रू धरत नाही, ते दाखवा.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेत इतका दमटपणा असतो की खिडक्या उघड्या ठेवून भिंत सुकत नाही. खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावा. तो नसेल तर एसी ड्राय मोडवर आणि जोडीला पंखा, मात्र त्या खोलीची वायरिंग तपासून झाल्यावरच. भाड्याची पावती ठेवा आणि नुकसान आटोक्यात ठेवण्याचा खर्च म्हणून ती दाव्यात मांडा. भिंत खरंच सुकली का हे बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तासांनी काढा. आतून थेंब किंवा भिंतीवर गडद ठसा दिसला तर अजून थांबा. ओलावा मोजायचं यंत्र (मॉइश्चर मीटर) असेल तर त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचं वाचन शेजारी लिहा, कारण प्लास्टरवरच्या आकड्याला तुलनेशिवाय अर्थ नाही. लाकडात मात्र २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला तर बुरशी धरते, हे गृहीत धरून चाला.

म्हणून उद्या सर्व्हेअर निघण्याआधी त्याला सांगा आणि त्याच संध्याकाळी ईमेलने लिहा: भिंत आणि फ्लोअर सुकल्यावर आणखी नुकसान दिसण्याची शक्यता आहे, तेव्हा पुन्हा पाहणी करावी आणि पुरवणी एस्टिमेट विचारात घ्यावं. ही ओळ पहिल्या आठवड्यात लिहिलेली असेल तर महिन्याभरानंतर आलेले पोपडे त्याच घटनेत बसतात. नसेल तर ते नवं नुकसान किंवा जुनी ओल ठरतात.

एस्टिमेट आयटमवार हवं. तुमची बेडरूम समजा १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ. मग सीलिंग १२० चौरस फूट आणि १२ फुटी भिंत ११४ चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरने असं लिहायला हवं: पीओपी सीलिंग उतरवणं १२० चौरस फूट, सैल प्लास्टर तोडणं ४० चौरस फूट, १२ मिलिमीटरचं नवीन प्लास्टर ४० चौरस फूट, पूर्ण भिंत घासून पुट्टीचे दोन हात, प्रायमरचा एक, रंगाचे दोन, ११४ चौरस फूट, नवीन सीलिंग सांगाड्यासह १२० चौरस फूट, फ्लोअरिंग काढून फोमसह नवीन १२० चौरस फूट, स्कर्टिंग धावत्या फुटांत, सामान हलवणं आणि झाकणं, डेब्रिज गोण्यांत भरून खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं. प्रत्येकापुढे दर. ज्या ओळीत ‘एकरकमी’ लिहिलेलं असतं, तिथे सर्व्हेअर स्वतःचा आकडा घालतो आणि तो कमीच असतो. डेब्रिजची ओळ विसरू नका. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ढिगारा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी तरतूद आहे, ती मागितल्याशिवाय सहसा हिशोबात येत नाही.

रंगाचा वाद ठरलेला आहे. सर्व्हेअर म्हणेल ओल ४० चौरस फुटांची, रंग ४० चौरस फुटांचा. तुम्ही म्हणाल सगळी खोली रंगवा. दोन्हींच्या मधली आणि टिकणारी मागणी म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची पूर्ण भिंत, कारण जुन्या रंगात मधेच मारलेला तुकडा उठून दिसतो आणि ‘पूर्वीसारखी स्थिती’ ही पॉलिसीची कसोटी त्याने पूर्ण होत नाही. चारही भिंती मागितल्यात तर तीन कापल्या जातील आणि चौथीवरही घासाघीस होईल. वॉर्डरोबच्या एका पल्ल्याचं लॅमिनेट बदलायचं आणि ती शेड बाजारात नसेल, तर दुकानदाराकडून तसं लेखी घ्या. त्याशिवाय बाकीचे पल्ले मिळत नाहीत.

दरांबाबत सर्व्हेअर अनेकदा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीकडे बोट दाखवतो. ती मोठ्या कामांसाठी असते. ४० चौरस फूट प्लास्टरला एक गवंडी आणि एक बिगारी आख्ख्या दिवसाची हजेरी घेतात, वाळूच्या गोण्या हाताने वर चढवाव्या लागतात आणि बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीला ठरावीक तासच मिळतात. हे तोंडी सांगून उपयोग नाही. त्याच आयटमांवर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन घ्या. दोन कोटेशनं जवळपास जुळली की स्थानिक दर सिद्ध होतो. आणि जीएसटी हवा असेल तर नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टरचं टॅक्स बिल लागेल. ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याच्या एस्टिमेटवर १८ टक्के लावून मागितले की ते नुसते खोडले जात नाहीत, तुमच्यावरचा विश्वासही कमी होतो.

टीव्हीसाठी सर्व्हिस सेंटरचा अहवाल घ्या, सिरियल नंबरसह. पॉलिसीत शॉर्ट सर्किट, जादा दाब, आपोआप तापणं अशा विद्युत कारणांनी त्याच उपकरणाला झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तंत्रज्ञ सवयीने ‘बोर्ड शॉर्ट’ असं दोन शब्दांत लिहून मोकळा होतो आणि दावा जातो. त्याला बोर्ड उघडून जे दिसतं ते पूर्ण लिहायला सांगा: पाण्याचे डाग, गंज, कुठून पाणी शिरलं. दिसत नसेल ते मात्र लिहायला लावू नका. वायरिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगर चाचणी, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची तपासणी, करून घ्या. ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध १ मेगाओमच्या खाली येणारं सर्किट नापास धरतात. प्रत्येक सर्किटचं वाचन कागदावर असेल तर वायर बदलण्याच्या खर्चावर सहसा वाद होत नाही.

भेटीच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर हजर हवा, कारण मापं दोघांनी मिळून घ्यायची आहेत. सर्व्हेअर लिहितो तीच मापं तुमच्या वहीत लिहा, शेवटी दोघांच्या सह्या घ्या किंवा त्याच दिवशी ईमेलने पाठवा. त्याची फी विमा कंपनी देते. तुमच्याकडून त्याने काही घेण्याचा प्रश्न येत नाही आणि तुम्हीही चहापाण्यापलीकडे काही देऊ नका. ‘टक्केवारीवर दावा पास करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवा, ते आकडे फुगवतात आणि सह्या तुमच्या असतात.

वरच्या शेजाऱ्यांशी परस्पर तडजोड करून ‘आता आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. कंपनीने तुम्हाला पैसे दिले की नुकसान करणाऱ्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात तर तेवढ्यावरून दावा अडू शकतो. त्यांनी काही रक्कम दिलीच असेल तर ती सांगा, ती दाव्यातून वजा होईल.

कागदांमध्ये क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्या. सोबत पॉलिसी, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजबिल, पॅन, केवायसी, रद्द केलेला चेक. घरावर कर्ज असेल तर पॉलिसीत बँकेचं नाव असतं आणि पैसे बँकेकडे जाऊ शकतात, म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आजच मागा, त्यालाच सर्वाधिक वेळ लागतो. इमारत ३० वर्षांवरची असेल तर मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ब खालचा स्ट्रक्चरल अहवाल सोसायटीकडून मिळवून ठेवा, सर्व्हेअर विचारतो. सोसायटीची स्वतःची पॉलिसी असली तर तिच्यात विमाधारक सोसायटी असते. तुमच्या आतल्या फर्निचरला तिचा उपयोग नाही.

तळमजल्यावर, कुर्ला, सायन किंवा हिंदमाताच्या बाजूला पावसाचं पाणी शिरलेल्यांसाठी कारण सिद्ध करणं तुलनेने सोपं आहे. भिंतीवरची पाण्याची रेघ जमिनीपासून मोजून तिचा फोटो काढा आणि हवामान खात्याच्या सांताक्रूझ किंवा कुलाबा केंद्राची त्या दिवसाची पावसाची नोंद जोडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याची नोंद त्याच्या आसपासही नव्हती. म्हणून आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा घ्या. मापं, सुकवणं, आयटम, दर हे वर सांगितलं तसंच.

आता रक्कम कापली तर. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याने अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा असतो. सर्व्हेअरने मागितलेले कागद एकाच ईमेलमध्ये क्रमांक घालून पाठवा, म्हणजे ‘कागद अपुरे’ या कारणावर दिवस जात नाहीत. निर्णय आला की अहवालाची प्रत लेखी मागा आणि असेसमेंटचा तक्ता वाचा. पहिल्यांदा मान्य केलेली मापं बघा, मग घसारा, म्हणजे जुनेपणामुळे केलेली वजावट. ‘भारत गृह रक्षा’मध्ये वास्तूचं नुकसान नव्याने पूर्ववत करण्याच्या खर्चावर मोजायचं असतं, आधीपेक्षा सरस मात्र नाही. तिथे भिंतीच्या वयावरून घसारा लावला असेल तर त्या कलमाचा हवाला देऊन हरकत घ्या. कमी रकमेचा विमा उतरवला म्हणून प्रमाणात कपात करण्याचं कलमही या पॉलिसीत सोडलेलं आहे. दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत ते असू शकतं: मूल्य ५० लाख आणि विमा ३० लाखांचा असेल, तर १ लाखाच्या नुकसानीला ६० हजारच मिळतात. भंगाराची वजावट लावली असेल तर त्या किमतीला ते भंगार घेऊन जा म्हणा.

हरकत आयटमवार लिहा. ‘रक्कम फार कमी आहे’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘आयटम ३, जॉइंट मेजरमेंटमध्ये (दोघांनी मिळून घेतलेल्या मापांत) ४० चौरस फूट, अहवालात २५’ याला द्यावं लागतं. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, पण चेंबूरसारखे काही विभाग ठाण्याच्या कार्यालयाकडे येतात, ते आधी बघा. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची आहे.

मंजूर रक्कम घेताना डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटल्याच्या पावतीवर) सही मागतील. सही करून रक्कम घ्यायला हरकत नाही. नियामकाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार त्या सहीने पुढे दाद मागण्याचा तुमचा हक्क जात नाही. तरीही व्हाउचरवर ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ असं लिहा, त्याचा फोटो काढा, आणि त्याच दिवशी कोणत्या आयटमांची किती रक्कम बाकी आहे ते कंपनीला ईमेलने कळवा.